घरचं अन्न : नाकावर भरवसा नको

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर आम्ही नेहमी लागण, बेणेप्रक्रिया, खोडवा आणि पाण्याच्या पाळ्या याविषयी लिहीत असतो. या वेळी विषय घरातला घेतला आहे. घरात शिजणारं आणि ताटात येणारं अन्न सुरक्षित कसं ठेवावं, हा तो विषय. ऊस विकास अधिकाऱ्यानं स्वयंपाकघरात कशाला डोकवावं, असं कुणी म्हणेल. त्याचं कारण आधी सांगतो.

मागे एका उन्हाळ्यात सुरू उसाच्या पाहणीसाठी आम्ही एका सभासदाच्या शेतावर गेलो होतो. दुपारची वेळ, अंगाची लाही होत होती. सभासदानं मोठ्या अगत्यानं पाणी दिलं. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला पाच लिटरचा कॅन, पाणीही गार. दोन घोट घेतले आणि गोणपाट सरकलं. कॅनवर लेबलाचा फाटका तुकडा होता. ते तणनाशक होतं, आणि त्याची शिफारस आम्हीच केली होती. आमचा चेहरा पाहून तो भला माणूस म्हणाला, "साहेब, तीनदा सोड्यानं धुतलाय. वाससुद्धा येत नाही."

सुदैवानं आम्हाला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनाला लागून राहिली. एकरी किती औषध, किती पाणी, कोणतं नोझल, हे सगळं आम्ही त्या सभासदाला सांगितलं होतं. रिकाम्या कॅनचं काय करायचं, हे मात्र कधीच सांगितलं नव्हतं. ती चूक आमची. हा लेख म्हणजे त्या चुकीची थोडी भरपाई समजावी.

"वास येत नाही" हे त्याचे शब्दही लक्षात राहिले. आपण सगळेच अन्नाची परीक्षा नाकानं करतो. आंबूस वास आला की टाकतो, नाही आला की खातो. नाक शत्रू नव्हे, पण एकट्या नाकावर विसंबून चालत नाही. माणसाला आजारी पाडणारे जंतू, बुरशीचं विष आणि औषधाचा अंश, ही तिन्ही अन्नात असूनही पुष्कळदा वास, रंग, चव काहीच बदलत नाही. म्हणून नाकापेक्षा तीन गोष्टींवर जास्त भर द्यावा : घड्याळ, हात आणि जागा. त्या एकेक करून पाहू.

घड्याळ : तोडलेला ऊस आणि शिजलेला भात

ऊस तोडला की २४ तासांच्या आत गाळला जावा, असा आमचा आग्रह का असतो, हे आपण जाणता. उभ्या उसात साखर सुरक्षित असते. कोयता लागला की तिची मोडतोड सुरू होते. कापलेल्या तोंडातून ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू शिरतात, साखर खातात आणि रसात चिकट पदार्थ तयार करतात. उन्हात पडलेली मोळी वरून ताजी दिसते, पण वजन आणि उतारा दोन्हीं गमावून बसलेली असते.

शिजलेल्या अन्नाचं अगदी तसंच आहे. ओलावा, ऊब आणि वेळ मिळाला की जंतू वाढतात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस ही त्यांच्या सोयीची ऊब. अनुकूल परिस्थितीत एका जंतूचे वीस मिनिटांत दोन होतात. तासाभरात आठ, चार तासांत चार हजारांवर आणि सहा तासांत अडीच लाखांवर. आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत सकाळी सहाला डब्यात भरलेलं वरण-भात दुपारी एकला शेतात उघडायचं, म्हणजे मधले सात तास जंतूंना आयतेच मिळाले.

भातातला एक जंतू तर फार चिवट आहे. त्याची बीजं उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती उगवतात, वाढतात आणि विष सोडतात. बोटावरच्या पिकलेल्या जखमेतून येणाऱ्या जंतूंचंही तसंच. एकदा विष तयार झालं की अन्न पुन्हा उकळलं तरी ते जात नाही. म्हणून "गरम करून घेऊ, काही होत नाही" हा नियम अर्धाच खरा आहे. गरम केल्यानं पुष्कळ जंतू मरतात, पण आधीच सोडलेलं विष राहू शकतं.

यावर एका वयस्क सभासदानं आम्हाला सरळ विचारलं, "साहेब, आमना आज्यानी बी हाईच खादं, त्याले काय व्हयनं?" प्रश्न रास्त आहे. पण आजोबांची शिदोरी आठवून पाहा. कळण्याची नाहीतर ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, ठेचा, कांदा. त्यात पाणी कमी, मीठ-तिखट जास्त. कोरड्या आणि खारट पदार्थात जंतूंना वाढायला वाव मिळत नाही. म्हणून ती शिदोरी संध्याकाळपर्यंत टिकायची. आज स्टीलच्या डब्यात भात, पातळ भाजी, कधी अंडी, कधी खीर जाते. डबा बदलला, पण त्याला ठेवायची वेळ आणि रीत मात्र जुनीच राहिली. शिवाय आजोबांच्या काळात पटकीनं घरंच्या घरं बसत होती, हेही विसरू नये.

मग करायचं काय? शेतात न्यायच्या डब्यात भाकरी, कोरडी भाजी, चटणी ठेवावी. भात-वरण घरी ताजं खावं. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, कडक उन्हाळ्यात तासाभरात संपवावं. रात्रीचं उरलेलं ठेवायचं असेल तर मोठ्या पातेल्यात तसंच न ठेवता पसरट भांड्यात काढून लवकर गार करावं आणि थंड जागी झाकून ठेवावं. खाताना एकदाच, वाफा येईपर्यंत चांगलं तापवावं. घरी फ्रिज असला तरी वीज किती तास होती, हे ध्यानात घ्यावं. वीज गेलेला फ्रिज म्हणजे बंद कपाट.

पंगतीचं अन्न

लग्न, वास्तुशांत, सप्ताहाची सांगता, अशा वेळी हा धोका शेकडो पटींनी वाढतो. पहाटे शिजवलेलं अन्न दुपार टळेपर्यंत वाढलं जातं. मोठं पातेलं बाहेरून गार लागलं तरी आतून तासन्‌तास कोमट असतं. जंतूंना याहून चांगली जागा नाही.

जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी २० फेब्रुवारी २०२४ रोजी हेच दुःख पाहायला मिळालं. हरिनाम सप्ताहात एकादशीचा प्रसाद म्हणून भगर आणि आमटी होती. ती खाऊन दोनशेहून अधिक माणसं आजारी पडली. दवाखान्यात जागा पुरेना. बाहेर दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या लटकवल्या आणि लोकांना जमिनीवर झोपवून उपचार करावे लागले. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. भक्तीनं केलेलं अन्न होतं. पण भक्ती असली म्हणून जंतू थांबत नाहीत.

भगरीबद्दल अन्न व औषध प्रशासन उपवासाच्या दिवसांत दरवर्षी सूचना देत असतं. भगर हवेतला ओलावा ओढून घेते आणि तिच्यावर बुरशी येऊ शकते. त्या बुरशीच्या काही जाती विष तयार करतात. म्हणून भगर सुटी न घेता पाकीटबंद घ्यावी आणि तारीख पाहून घ्यावी. भगरीचं पीठ विकत आणू नये. घरी दळायचं तर निवडून, धुऊन, वाळवून, लागेल तेवढंच दळावं. पंगतीत भात-भगर एकदम न शिजवता दोन-तीन खेपांत शिजवावी. पातेली मंद आचेवर गरमच ठेवावीत. ज्याच्या हाताला जखम आहे किंवा ज्याला जुलाब होत आहेत, त्याला त्या दिवशी पाणी वाढायचं कामसुद्धा देऊ नये. त्यानं राग मानू नये आणि आपणही संकोच करू नये.

हात आणि पाणी

शेणात, मातीत, औषधात गेलेला हात नुसता पाण्यानं धुतला की साफ दिसतो, पण साफ होत नाही. साबण लावून निदान वीस सेकंद, नखांसकट चोळून धुवावा. स्वयंपाकाआधी, जेवणाआधी, लेकराला भरवण्याआधी, शौचाहून आल्यावर आणि फवारणी किंवा जनावरांच्या कामानंतर. खर्च वडीभर साबणाचा. तीच वडी विहिरीवरही ठेवावी, कारण शेतातलं जेवण तिथंच होतं.

पाण्याच्या बाबतीत गावात व्यवस्था आहे, आपण तिचा उपयोग करून घेत नाही. ग्रामपंचायतीनं पाण्यात टीसीएल पावडर टाकायची असते आणि नळाला क्लोरिन पोचतो की नाही याची ओटी टेस्ट घ्यायची असते. आपल्या गावाला पाण्याचं लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालं आहे, हे ग्रामसभेत विचारावं. ते विचारणं हा आपला हक्क आहे. घरी पाणी झाकून ठेवावं आणि लांब दांड्याच्या ओघराळ्यानं काढावं. सगळ्यांनी हात बुडवलेल्या माठात टीसीएल तरी किती पुरणार?

हिवाळ्यात आपल्याकडे मळ्यात भरीत पार्ट्या रंगतात. काड्यांवर भाजलेलं वांगं गरमागरम खाल्लं तर त्याची काही भीती नाही. पण सोबतची कांद्याची पात, मुळा, मिरच्या पाटाच्या पाण्यात खळबळून घेतल्या जातात. त्याच पाटात वरच्या अंगाला कुणी फवारणीचा पंप धुतला असेल, तर? कच्चं खायचं ते पिण्याच्याच पाण्यानं धुवावं.

एक विनंती ऊसतोड मजुरांच्या बाबतीत. ही माणसं चार-पाच महिने आपल्या शिवारात कोप्या टाकून राहतात, लेकरंबाळं सोबत असतात. आपल्या फडात टोळी आली की पिण्याच्या शुद्ध पाण्याची एक टाकी आणि साबण यांची सोय सभासदानं करावी. मजूर आजारी पडले की तोड थांबते, हा हिशेब आहेच. पण त्याआधी ती माणुसकी आहे.

जागा : बुरशी आणि औषध यांना घरात थारा नको

आता तिसरी गोष्ट. धान्य आणि विष यांची जागा.

१९७४ सालच्या अखेरीस गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात आदिवासी वस्त्यांवर कावीळ पसरली. पोट फुगायचं आणि माणूस जायचा. सुमारे चारशे जण आजारी पडले, त्यांतले १०६ दगावले. तपासात आढळलं की काढणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला होता, मका ओला साठवला गेला होता आणि त्यावर वाढलेल्या बुरशीनं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष केलं होतं. गरिबीमुळे लोकांना तोच मका खावा लागला. त्या घरांतली कुत्रीही मेली.

आपल्याकडेही मका आहे, भुईमूग आहे आणि ऐन काढणीत येणारा पाऊसही आहे. हे विष शिजवून, भाजून किंवा तळून जात नाही. म्हणून उपाय आधीच करायचा. दाणा दाताखाली कट्‌कन तुटेपर्यंत वाळवावा. पोती जमिनीवर न टेकवता फळ्यांवर, भिंतीपासून सुटी ठेवावीत. सुरकुतलेले, काळे-हिरवट शेंगदाणे निवडून फेकावेत. असे दाणे चटणीत कुटले की दिसत नाहीत, म्हणून कुटण्याआधी निवडावेत.

फेकावेत म्हणजे जनावरांपुढे टाकू नयेत. बुरशी आलेली सरकी ढेप, मका किंवा भाकरी म्हशीला घातली की तेच विष थोडं रूप बदलून दुधात उतरतं. ते दूध पुन्हा आपल्याच लेकराच्या पेल्यात येतं.

आता औषधांविषयी. १९५८ साली केरळात जहाजातून आलेल्या गव्हाच्या पिठात कीटकनाशक सांडलं आणि शंभरावर माणसं मेली. पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला, त्यामागे ही घटना होती. तरीही १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. दोन्हीं ठिकाणी मूळ चूक एकच. अन्न आणि विष एका जागी आलं.

आपल्या घरात डोकावून पाहू. औषधाची बाटली माळ्यावर, शेजारी तेलाचा डबा. रिकाम्या कॅनमध्ये दूध, ताक किंवा रॉकेल. फवारणीची बादली जनावरांच्या पाण्याला. हे बहुतेक आपणा पुरुषांचं काम आहे. स्वयंपाकघराची स्वच्छता म्हटलं की आपण घरातल्या बाईकडे बोट दाखवतो, पण विष घरात आणतो आपण.

म्हणून औषध घराबाहेर, कुलपात ठेवावं. डब्यावरचा त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. कॅन रिकामा झाला की तीनदा धुऊन ते पाणी पंपातच ओतावं, कॅनला भोकं पाडावीत आणि पुन्हा कशालाही वापरू नये. सोड्यानं धुतलेला कॅनही औषधाचाच कॅन असतो, कारण प्लास्टिक औषध शोषून घेतं. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांचा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. त्या घरात आणूच नयेत. धान्य कडक वाळवून घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवावं.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. वांगी, भेंडी, मिरचीवर आज फवारा आणि उद्या तोडा, असं सर्रास चालतं. काही ठिकाणी घरच्यासाठी एक ओळ बिनफवारणीची राखलेली आम्ही पाहिली आहे. याचा अर्थ आपल्याला सगळं माहीत आहे. औषधावर लिहिलेले दिवस जाऊ द्यावेत आणि मगच तोडा करावा. शहरात आपला माल खाणारेही कुणाची तरी लेकरंच आहेत. आणि आपली लेकरं तरी कुठं शिकायला असतात? जळगावात, पुण्यात, सुरतेत. तीच वांगी ती खातात.

गाव आणि शहर

गावात आपण म्हणतो, घरच्या शेतातलं आहे, त्याला काय होतं. शहरातले नातेवाईक म्हणतात, पाकिटातलं आहे, त्याला काय होतं. दोन्हीं भरवसे अर्धवट आहेत. घरच्या मक्यावर बुरशी येते आणि पाकीट फोडल्यावर त्याची तारीख उपयोगाची राहत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला, ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. पाकिटावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक त्याच कायद्याचा. पण हा कायदा विकणाऱ्यावर नजर ठेवतो, आपल्या चुलीवर नाही. तिथं राखण आपणच करायची. २०१८ पासून महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आहे. तेव्हा रसवंतीवर बर्फाकडेही एक नजर टाकावी. आपल्याच उसाचा रस, पण बर्फ कुठला?

झालंच तर काय करावं

उलट्या-जुलाबात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यानं. इथं आपल्या साखरेचं एक मोठं काम सांगितलं पाहिजे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ आणि साखर मिसळलेलं पाणी पिंपांतून वाटायला सुरुवात केली. तीस टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या आत आलं. साखर ही मिठाला आणि पाण्याला आतड्यातून रक्तात ओढून नेते, हे त्यामागचं कारण. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात ओआरएसची पाकिटं मिळतात, ती घरात ठेवावीत. पाकीट नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावं. मीठ जास्त होऊ देऊ नये. थोडं थोडं, सतत पाजावं. तान्ह्याचं अंगावरचं दूध बंद करू नये. शौचातून रक्त, न थांबणारी उलटी, सुस्ती किंवा खोल गेलेले डोळे दिसले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. औषधाची विषबाधा वाटली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा आणि डबा किंवा लेबल सोबत न्यावं.

घरी वाचून दाखवा आणि विचारा

१. आजचा डबा शिजवल्यापासून किती तासांनी उघडला?
२. विहिरीवर साबण आहे का?
३. आपल्या गावाचं पाण्याचं कार्ड कोणत्या रंगाचं?
४. बुरशीचे दाणे कुठं टाकले, उकिरड्यावर की गव्हाणीत?
५. घरात औषधाचा एखादा रिकामा कॅन आहे का, आणि त्यात आता काय आहे?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर "आहे" असं आलं, तर हा अंक खाली ठेवून आधी त्या कॅनला भोकं पाडावीत. यापुढे आम्ही औषधाची शिफारस करायला आपल्या बांधावर आलो की रिकाम्या कॅनची चौकशी केल्याशिवाय जाणार नाही. आम्ही विसरलो तर आपण आठवण करून द्यावी.

आणि हो, पाणी अवश्य पाजावं. फक्त माठातलं.

आपला,
ऊस विकास अधिकारी